अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा असिस्टंट कोच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर ते डिसेंबर या काळात अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या युनिव्हर्सिटीच्या गावात राहिलेल्या मराठी माणसाला तिथला शनिवार समजावून सांगावा लागत नाही. रस्ते बंद, पार्किंगचे दर आभाळाला भिडलेले, आणि ॲन आर्बर किंवा कॉलेज स्टेशनसारख्या गावात लाखावर माणसं एकाच स्टेडियममध्ये. टीव्हीचा कॅमेरा सारखा हेड कोचच्या चेहऱ्यावर असतो. त्याच्या मागे हेडसेट लावून, लॅमिनेट केलेल्या तक्त्यावरून बोट फिरवत उभी असलेली माणसं मात्र बहुतेकांना नावानिशी माहीत नसतात. पोरांना खेळ शिकवतात ती हीच माणसं. त्यांच्या नोकरीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अमेरिकन फुटबॉल थोडाफार पाहिलेला आहे, असं धरून लिहिलं आहे.

असिस्टंट कोच म्हणजे हेड कोचचा मदतनीस का?

नावावरून तसं वाटतं खरं. मोठ्या युनिव्हर्सिटीचा हेड कोच बराचसा वेळ देणगीदार, पत्रकार, युनिव्हर्सिटीचं प्रशासन आणि भरती यांतच गुंतलेला असतो. रोजचं शिकवणं असिस्टंटकडे असतं. क्वार्टरबॅक, रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड, ऑफेन्सिव्ह लाइन, डिफेन्सिव्ह लाइन, लाइनबॅकर, कॉर्नरबॅक, सेफ्टी अशा प्रत्येक जागेसाठी वेगळा कोच असतो, आणि त्या जागेची आठ-दहा-पंधरा पोरं त्याच्या ताब्यात असतात. क्रिकेटमध्ये गोलंदाजीचा कोच वेगळा असतो तसंच, फक्त इथे ही विभागणी फार बारीक आहे.

त्यांच्या वर दोन कोऑर्डिनेटर असतात, एक ऑफेन्सचा आणि एक डिफेन्सचा. सामन्यात कोणता प्ले खेळायचा हे बहुतेक संघांत तेच ठरवतात. तिसरा असतो तो किक, पंट वगैरे सांभाळणारा स्पेशल टीम्सचा. हे तिघंही नियमाच्या भाषेत असिस्टंटच. बरेचदा कोऑर्डिनेटर स्वतः एखादी जागाही शिकवतो, विशेषतः क्वार्टरबॅकची.

एका संघात असे किती कोच असतात?

एनसीएए म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणारी संघटना. तिच्या सर्वांत वरच्या गटात, म्हणजे एफबीएसमध्ये, २०२५ च्या हंगामात १३६ संघ होते. तिथे २०१८ पासून हेड कोचशिवाय १० असिस्टंट ठेवता येतात, त्याआधी ९ होते. याखेरीज ॲनालिस्ट, क्वालिटी कंट्रोल आणि ग्रॅज्युएट असिस्टंट अशी मंडळी असतात. श्रीमंत संघांत त्यांची संख्या दहा असिस्टंटांपेक्षा जास्त भरते. पूर्वी ॲनालिस्टला मैदानावर खेळाडूला तांत्रिक सूचना द्यायलाही मनाई होती. तो खोलीत बसून व्हिडिओ पाहायचा, टिपणं काढायचा आणि दहांपैकी कोणाच्या तरी हातात द्यायचा. २०२४ मध्ये ही मनाई उठली आणि आता तोही शिकवू शकतो. कॅम्पसबाहेर जाऊन भरती करण्याचा अधिकार मात्र अजूनही हेड कोच आणि दहा असिस्टंट यांच्यापुरताच आहे.

छोट्या कॉलेजांत चित्र एकदम वेगळं. डिव्हिजन थ्रीमधला लाइनबॅकर कोच उन्हाळ्यात ट्रॅकच्या पोरांना पळवतो, कॉलेजच्या दुसऱ्या एखाद्या कामाला हातभार लावतो आणि प्रवासाच्या बसचं आरक्षणही करतो.

सामना तर शनिवारी असतो. मग आठवडाभर हा करतो काय?

लोकांना सर्वांत कमी ठाऊक असलेली बाजू हीच आहे, म्हणून जरा सविस्तर.

रविवारी सकाळी तो कालचा सामना पुन्हा पाहतो, आणि आपण पाहतो तसा नाही. समजा तो ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच आहे. सामन्यात ७० प्ले झाले आणि लाइनमध्ये पाच जण. म्हणजे साडेतीनशे वेळा त्याला एकेका माणसावर नजर ठेवून मार्क द्यायचे असतात. चेंडू मागे आला त्या क्षणी लेफ्ट गार्डचं पहिलं पाऊल कुठे पडलं? सहा इंच बाहेर पडायला हवं होतं, ते सरळ पडलं का? हात समोरच्याच्या छातीवर आत लागले की खांद्याच्या बाहेरून? आपला माणूस कोण, हे त्याने बरोबर ओळखलं का? काम बरोबर, तंत्र चूक. तंत्र बरोबर, पण शिट्टीआधीच सैल पडला. अशा नोंदी प्रत्येक प्लेसमोर होतात. प्रेक्षकांनी जल्लोष केलेल्या टचडाऊनच्या प्लेमध्येही एखाद्याला वजा मार्क मिळतो. सामना हरला तरी हे चुकत नाही आणि जिंकला तरी चुकत नाही.

दुपारनंतर पुढचा प्रतिस्पर्धी. त्यांच्या मागच्या चार-पाच सामन्यांतला एकेक प्ले कापून त्याला माहिती जोडलेली असते: कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी कितवी), किती यार्ड हवेत, चेंडू मैदानाच्या कुठल्या बाजूला, मैदानात किती रनिंग बॅक आणि किती टाइट एंड, कोण आधी हलला. ही हमाली ग्रॅज्युएट असिस्टंट आणि ॲनालिस्ट मंडळींनी आधीच उरकलेली असते. त्यातून सवयी शोधायच्या. तिसरा डाऊन, सात यार्ड हवेत, अशा वेळी हा संघ ब्लिट्झ, म्हणजे जास्तीची माणसं घेऊन क्वार्टरबॅकवर केलेली चढाई, कुठून आणतो?

बहुतेक ठिकाणी सोमवारी पोरांना सुट्टी आणि कोच मंडळी रात्री उशिरापर्यंत आराखड्यात. मंगळवारी पहिल्या-दुसऱ्या डाऊनचा सराव, बुधवारी तिसऱ्या डाऊनचा, गुरुवारी गोलपाशी पोहोचल्यावरचा. शुक्रवारी हलकी उजळणी. त्याच संध्याकाळी हायस्कूलचे सामने असतात, त्यामुळे काही असिस्टंट गाडी किंवा विमान पकडून सतरा वर्षांच्या एखाद्या पोराला पाहायला जातात आणि रात्री उशिरा संघाच्या हॉटेलात परततात. एनसीएएचा नियम हंगामात खेळाडूंचा वेळ आठवड्याला २० तासांवर रोखतो. कोचच्या तासांना तशी मर्यादा नाही.

सामन्यात काही कोच वर काचेच्या खोलीत का बसतात?

कारण खाली उभं राहून २२ माणसांची रचना दिसत नाही. वरून सेफ्टी तीन यार्ड पुढे सरकलेला लगेच कळतो. तरीही काही कोऑर्डिनेटर मुद्दाम खाली राहतात, कारण त्यांना क्वार्टरबॅकच्या डोळ्यांत पाहून बोलायचं असतं.

२०२४ पासून एफबीएसमध्ये कोच थेट मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये बोलू शकतो. त्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो. प्ले क्लॉकवर, म्हणजे पुढचा प्ले सुरू करायची मुदत दाखवणाऱ्या घड्याळावर, १५ सेकंद उरले की आवाज आपोआप बंद होतो आणि पुढचं सगळं त्या पोराच्या डोक्यावर सोपवलेलं असतं. मला हा नियम फार आवडतो. आठवडाभर काय शिकवलं ते नेमकं त्या शेवटच्या पंधरा सेकंदांत दिसतं.

या नोकरीची सुरुवात कुठून होते?

बहुतेकांची ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून, ज्याला सगळे जीए म्हणतात. पदवी झालेली असते, मास्टर्सला प्रवेश घ्यायचा, त्याची फी माफ होते आणि वर थोडं मानधन मिळतं. दिवसा वर्ग, उरलेला सगळा वेळ फुटबॉल ऑफिसमध्ये. सरावात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या दुय्यम संघाला प्ले समजावे म्हणून मोठ्या अक्षरांत कार्ड काढणं, व्हिडिओ कापणं, विमानतळावरून पाहुण्या खेळाडूला आणणं, आणि मध्यरात्री कोऑर्डिनेटरने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सकाळी सहाला टेबलावर ठेवणं. अलाबामाचे हेड कोच म्हणून गाजलेल्या निक सेबन यांची कारकीर्द १९७३ मध्ये केंट स्टेट युनिव्हर्सिटीत याच कामापासून सुरू झाली होती. पुढे जॉर्जियाचे हेड कोच झालेले कर्बी स्मार्ट फ्लोरिडा स्टेटला जीए होते.

दुसरा रस्ता हायस्कूलमधून येतो. टेक्ससमध्ये तर हायस्कूलचे नामांकित कोच थेट कॉलेजात उचलले जातात. तिसरा छोट्या कॉलेजांतून वर चढण्याचा, जो सर्वांत लांबचा आहे. पण माझ्या मते शिकवायला सर्वांत चांगलं तिथेच शिकतात, कारण हाताखाली कोणी नसतं.

स्वतः कॉलेजात फुटबॉल खेळलेलं असलंच पाहिजे का?

असलेलं बरं, पण सक्ती नाही. नामवंत हेड कोच माईक लीच कॉलेजात फुटबॉल खेळले नव्हते. ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत विद्यार्थी असताना ते रग्बी खेळत. पुढे पेपरडाइनमधून त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि वकिली न करता कोचिंगकडे वळले. १९८९ मध्ये त्यांनी फिनलंडमधल्या पोरी या गावच्या क्लबला शिकवलं. त्यानंतर हेड कोच हाल ममी यांच्यासोबत आयोवा वेस्लियन, व्हॅल्डोस्टा स्टेट आणि केंटकी असा दहा वर्षांचा प्रवास झाला. दोघांनी मिळून 'एअर रेड' नावाची पासिंगची पद्धत घडवली. मोजकेच प्ले, पण ते रोज इतक्या वेळा घोटायचे की पोरांना विचार करावा लागू नये. एक हंगाम ओक्लाहोमाला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर राहून २००० मध्ये लीच टेक्सस टेकचे हेड कोच झाले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या पद्धतीच्या खुणा हायस्कूलपासून व्यावसायिक फुटबॉलपर्यंत सगळीकडे होत्या.

इंजिनिअर होऊन या पेशात आलेलं कोणी आहे का?

हा प्रश्न मराठी घरांतून हमखास येतो आणि त्याचं उत्तर 'हो' आहे. टोनी एलियट क्लेमसनमध्ये रिसीव्हर म्हणून खेळले आणि तिथेच त्यांनी इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. मिशलिन या टायर कंपनीत त्यांनी रीतसर नोकरीही केली. ती सोडून साउथ कॅरोलायना स्टेटसारख्या छोट्या ठिकाणी ते कोचिंगला लागले. पुढे ते क्लेमसनला परतले, ऑफेन्सचे कोऑर्डिनेटर झाले, २०१७ मध्ये देशातल्या सर्वोत्तम असिस्टंटचा पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये व्हर्जिनियाने त्यांना हेड कोच नेमलं.

पगार किती असतो?

यातली दरी पाहून डोळे फिरतात. जीएचं मानधन खोलीभाडं आणि जेवणखाण यांतच संपतं. छोट्या कॉलेजातला पूर्णवेळ असिस्टंट शाळामास्तराएवढा किंवा त्याहून कमी कमावतो. एफबीएसमध्ये लाखो डॉलरची भाषा सुरू होते, आणि एसईसी किंवा बिग टेनसारख्या बड्या कॉन्फरन्समधल्या (म्हणजे आपसांत खेळणाऱ्या युनिव्हर्सिटींच्या गटांतल्या) नावाजलेल्या कोऑर्डिनेटरांसाठी ती दशलक्षांत जाते. २०१८ मध्ये डिफेन्सचे कोऑर्डिनेटर डेव्ह अरांडा यांना टेक्सस ए अँड एमकडे जाऊ न देण्यासाठी एलएसयूने (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने) चार वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे वर्षाला २५ लाख. तेव्हा तो आकडा ऐकून लोक चकित झाले होते. २०२५ मध्ये डिफेन्सचेच कोऑर्डिनेटर जिम नोल्स ओहायो स्टेटहून पेन स्टेटला गेले ते वर्षाला ३० लाख डॉलरहून अधिकवर.

सरकारी युनिव्हर्सिटीचे पगार सार्वजनिक असतात. वर्तमानपत्रं दरवर्षी त्यांची यादी छापतात, त्यामुळे गावातल्या किराणा दुकानातल्या माणसालाही तुमचा पगार ठाऊक असतो.

हेड कोचला काढलं की असिस्टंटचं काय होतं?

बहुतेक वेळा तोही जातो. या पेशातली सर्वांत कठोर गोष्ट हीच आहे. तुमच्या हाताखालची पोरं उत्तम खेळली, तुम्ही भरती चांगली केली, तरी क्वार्टरबॅक जखमी झाला, संघ पाच सामने हरला आणि प्रशासनाने हेड कोच बदलला, तर नवा माणूस आपली माणसं घेऊन येतो. एखाद-दुसऱ्याला तो ठेवून घेतो, सहसा ज्याची भरतीतली ओळखपाळख मोठी आहे त्याला.

वर नोल्स यांचा उल्लेख केला. ओहायो स्टेटचं डिफेन्स सांभाळून जानेवारी २०२५ मध्ये ते राष्ट्रीय विजेतेपदात भागीदार होते. लगेच पेन स्टेटला गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या हेड कोचलाच, जेम्स फ्रँकलिन यांना, हंगामाच्या मध्यावर काढण्यात आलं. एवढ्या मोठ्या नावाचं हे, तर इतरांचं काय विचारता.

क्लेमसनचे हेड कोच झालेल्या डॅबो स्विनी यांची गोष्टही सांगायला हवी. अलाबामात ते आधी शिष्यवृत्तीशिवाय खेळाडू, मग जीए, मग असिस्टंट. २००० च्या हंगामात संघ ३ जिंकला, ८ हरला आणि सगळा स्टाफ गेला. स्विनींनी बर्मिंगहॅममध्ये व्यापारी जागांच्या कंपनीत दोन वर्षं नोकरी केली. २००३ मध्ये क्लेमसनच्या टॉमी बाउडेन यांनी त्यांना रिसीव्हर कोच म्हणून बोलावलं. २००८ च्या हंगामात मध्येच बाउडेन पायउतार झाले आणि कोऑर्डिनेटरही नसलेल्या या रिसीव्हर कोचच्या हातात हंगामी सूत्रं आली. पुढे त्यांनी २०१६ आणि २०१८ च्या हंगामांची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ही गोष्ट उमेद देते, पण परत बोलावणं न आलेले कितीतरी कोच आज विमा विकतात किंवा शाळेत शिकवतात, हेही तितकंच खरं आहे.

करार साधारण एक-दोन वर्षांचे असतात. काढलं तर उरलेल्या मुदतीचे पैसे मिळतात, पण बहुतेक करारांत अशी अट असते की नवी नोकरी मिळाली की तिथला पगार त्यातून वजा होतो. सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्यायचं कलम असेल तर हेच.

घरच्यांना हे झेपतं का?

झेपवून घेतात, असंच म्हणावं लागेल. चार्ली स्ट्राँग या कोचचा असिस्टंट म्हणून झालेला प्रवास बघा: फ्लोरिडा, टेक्सस ए अँड एम, सदर्न इलिनॉय, पुन्हा फ्लोरिडा, ओले मिस, पुन्हा फ्लोरिडा, नोटर डेम, साउथ कॅरोलायना आणि परत फ्लोरिडा. बदली सहसा डिसेंबर-जानेवारीत होते, म्हणजे मुलांचं शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना. कोच आठवडाभरात नव्या गावी निघून जातो. घर विकणं, सामान बांधणं, मुलांचे दाखले, सगळं बायकोवर पडतं आणि तिला स्वतःची नोकरी असेल तर तीही सुटते. या बायकांच्या कष्टांची नोंद कुठल्याच आकडेवारीत होत नाही, आणि ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

जमेची बाजू अशी की युनिव्हर्सिटीचा कर्मचारी म्हणून आरोग्य विमा असतो, पेन्शनची सोय असते, आणि अनेक ठिकाणी मुलांच्या फीमध्ये सवलतही मिळते.

भरतीचं काम नेमकं काय असतं?

देश भागांत वाटलेला असतो. एकाकडे दक्षिण जॉर्जिया, एकाकडे ह्यूस्टन, एकाकडे ओहायोचा ईशान्य कोपरा. आपल्या भागातली प्रत्येक हायस्कूल, तिथला कोच, तिथली कार्यालयातली ताईसुद्धा माहीत असावी लागते. केव्हा फोन करायचा, केव्हा भेटायचं, केव्हा नुसतं लांबून पाहायचं आणि केव्हा गप्प बसायचं, हे एनसीएएच्या कॅलेंडरमध्ये ठरलेलं असतं.

घरी भेटीला गेलं की मुलापेक्षा आईशी जास्त बोलणं होतं. ती विचारते, माझा मुलगा पदवीधर होईल ना? आजारी पडला तर त्याला डॉक्टरकडे कोण नेईल? चांगला असिस्टंट इथे थापा मारत नाही, कारण पुढची चार वर्षं ती आई त्यालाच फोन करणार असते. अडचण अशी की असिस्टंट वर्षभरात दुसरीकडे जाऊ शकतो आणि त्याच्या शब्दावर आलेला मुलगा मागे राहतो.

ट्रान्सफर पोर्टल आणि खेळाडूंना मिळणारे पैसे यांनी काम बदललं का?

पार बदललं. २०१८ मध्ये पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आलं, जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले, आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर युनिव्हर्सिटी थेट खेळाडूंना पैसे देऊ लागल्या. पहिल्या वर्षी एका युनिव्हर्सिटीला सगळ्या खेळांत मिळून जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर वाटता येत होते. पूर्वी असिस्टंट एका पोराला तीन-चार वर्षं घडवायचा. आता त्याला दर हिवाळ्यात स्वतःच्याच हाताखालची पोरं थांबायला पुन्हा राजी करावी लागतात. पैशांची बोलणी करायला जनरल मॅनेजर नावाचं वेगळं पद आलं आहे. ते एका परीने बरंच झालं, कारण शिकवणाऱ्याने सौदा करू नये.

प्रत्येक असिस्टंटला हेड कोच व्हायचं असतं का?

नाही. आणि तसं धरून चालणं या पेशावर अन्याय करणारं आहे.

बड फॉस्टर मरे स्टेटला फ्रँक बीमर यांच्या हाताखाली खेळले. १९८७ मध्ये बीमर व्हर्जिनिया टेकला गेले, सोबत फॉस्टरही गेले, आणि २०१९ पर्यंत तिथेच राहिले. जवळपास पाव शतक त्यांनी तिथलं डिफेन्स सांभाळलं. बीमर २०१५ मध्ये निवृत्त झाल्यावर नव्या हेड कोचने त्यांना आग्रहाने ठेवून घेतलं. त्यांच्या डिफेन्सची खूण म्हणून एक जेवणाचा डबा असायचा, कामगार खाणीत किंवा गिरणीत नेतात तसा. तो कोणी मैदानावर न्यायचा हे कामगिरीवर ठरायचं. व्हर्जिनिया टेकच्या गावात, ब्लॅक्सबर्गमध्ये, हा माणूस कुठल्याही हेड कोचइतकाच मोठा आहे.

मिकी अँड्र्यूज यांचं उदाहरण आणखी बोलकं आहे. त्यांनी हेड कोच होऊन एका छोट्या कॉलेजला १९७१ मध्ये एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या संघटनेचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. तरी १९८४ ते २००९ ते फ्लोरिडा स्टेटला बॉबी बाउडेन यांचे असिस्टंट राहिले, आपणहून. शिकवायचं होतं म्हणून.

असिस्टंटसाठी काही पुरस्कार आहे का?

ब्रॉयल्स पुरस्कार, १९९६ पासून. अर्कान्सॉचे कोच फ्रँक ब्रॉयल्स यांच्या नावाने. त्यांच्या असिस्टंटांमधून जो गिब्स, बॅरी स्वित्झर, जॉनी मेजर्स असे पुढचे मोठे हेड कोच निघाले. पहिला पुरस्कार वर सांगितलेल्या अँड्र्यूज यांनाच मिळाला. फॉस्टर २००६ मध्ये, कर्बी स्मार्ट २००९ मध्ये, आयोवाचे फिल पार्कर २०२३ मध्ये. २०१९ मध्ये एलएसयूच्या जो ब्रेडी यांना मिळाला तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते आणि तिथलं त्यांचं पहिलंच वर्ष होतं. लगेच व्यावसायिक फुटबॉलने त्यांना नेलं.

आशियाई किंवा भारतीय वंशाचे कोच आहेत का?

आहेत, पण मोजके. हवाईचे नॉर्म चाऊ यांचं नाव पहिलं घ्यायला हवं. १९७३ ते १९९९ ते ब्रिगहॅम यंगला असिस्टंट होते आणि जिम मॅकमहन, स्टीव्ह यंग, टाय डेटमर असे क्वार्टरबॅक त्या काळात तिथून घडले. माईक लीच विद्यार्थीदशेत जे ऑफेन्स डोळे विस्फारून पाहत ते हेच. नंतर साउथर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत चाऊ यांच्या ऑफेन्समधल्या कार्सन पामर आणि मॅट लायनार्ट या दोघांनी हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकली. एवढं असून हेड कोचपद मिळायला २०११ चा डिसेंबर उजाडला. तेव्हा चाऊ ६५ वर्षांचे होते आणि संघ होता हवाईचा. या पातळीवरचे ते पहिले आशियाई-अमेरिकन हेड कोच. तिथे त्यांना यश आलं नाही. पण ही संधी वीस वर्षं आधी मिळायला हवी होती, यात मला शंका नाही.

भारतीय वंशाचे संजय लाल कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांमध्ये शिकवून व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले आणि रेडर्स, जेट्स, बिल्स, काउबॉइज, सीहॉक्स अशा संघांचे रिसीव्हर कोच झाले.

कृष्णवर्णीय कोचची वाट तर आणखी चढाची राहिली आहे. मैदानावर निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय असलेल्या एसईसीमध्ये पहिले कृष्णवर्णीय हेड कोच, सिल्व्हेस्टर क्रूम, २००४ च्या हंगामात आले. चार्ली स्ट्राँग १९८३ ला कोचिंगमध्ये आले, फ्लोरिडाच्या दोन राष्ट्रीय विजेतेपदांत त्यांचा मोठा हात होता, आणि कायमचं हेड कोचपद मिळालं ते २००९ च्या अखेरीस लुईव्हिलमध्ये.

स्त्रिया या कामात आहेत का?

आहेत आणि वाढत आहेत. २०१८ मध्ये डार्टमथने कॅली ब्राउनसन यांना ऑफेन्सच्या क्वालिटी कंट्रोल कोच म्हणून पूर्णवेळ नेमलं. डिव्हिजन वनमध्ये अशी नेमणूक झालेल्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. पुढे त्या आणि डार्टमथलाच काम केलेल्या जेनिफर किंग, दोघीही व्यावसायिक संघांत गेल्या.

मी मास्टर्ससाठी अमेरिकेत आलो आहे. मला यात शिरता येईल का?

थेट कोच म्हणून शिरणं अवघड आहे, पण दार बंद नाही. फुटबॉल ऑफिसला विद्यार्थी कामगार नेहमी लागतात: सरावाचं चित्रीकरण, व्हिडिओ कापून नोंदी भरणं, आकडेवारी. डेटा सायन्स शिकणाऱ्यांना इथे खरी किंमत आहे, कारण चौथ्या डाऊनला खेळायचं की पंट मारायचा, हा हिशोब आता प्रत्येक संघ मांडतो. एक हंगाम चोख काम करा, सगळ्यांच्या आधी या, जे दिसेल ते बाहेर बोलू नका. मग जवळच्या हायस्कूलमध्ये असिस्टंट म्हणून उभं राहा. खेळ शिकवता येतो का, ते पोरांसमोर उभं राहिल्यावरच कळतं. दर जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं, तिथे जा. बहुतेक नोकऱ्या ओळखीतूनच मिळतात.

एक काळजी मात्र घ्याच. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं आणि फुटबॉल ऑफिसचे तास तेवढ्यात मावत नाहीत. 'थोडं जास्त थांब, लिहू नकोस' असं कोणी म्हणालं तर थांबू नका. आधी युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोला. हंगामाच्या हौसेपायी व्हिसा गमावणं परवडणारं नाही.

महाराष्ट्रात राहून या खेळाशी जोडून घेता येईल का?

अलीकडे वाट थोडी उघडली आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या एलिट फुटबॉल लीगमध्ये पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ होते, पण ती लीग टिकली नाही. फ्लॅग फुटबॉलचं भवितव्य जास्त आशादायक दिसतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ घेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मुंबईतल्याच अधिवेशनात झाला. धडक नाही, महागडी साधनं नाहीत, संघात मैदानावर पाच जण. शाळेच्या पटांगणावर चालू करता येतो. रूट (रिसीव्हरचा ठरलेला मार्ग) पळणं, चेंडू हातात घेणं, बचावाची रचना ओळखणं, हे सगळं तिथे शिकवता येतं आणि शिकवणाऱ्याची सवय तिथेच लागते.

सामना पाहताना असिस्टंट कोचचं काम कसं ओळखायचं?

चेंडूवरून नजर काढा. एक पूर्ण ड्राइव्ह, म्हणजे चेंडू एका संघाकडे असेपर्यंतचे सगळे प्ले, फक्त ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच जण पाहा: पाचांचं पहिलं पाऊल एकाच वेळी, एकाच दिशेने पडतं का? मग मध्यंतरानंतरची पहिली ड्राइव्ह पाहा. पहिल्या अर्ध्यात जो ब्लिट्झ सारखा आत घुसत होता, तो आता रनिंग बॅकने अडवला, तर वीस मिनिटांच्या मध्यंतरात कोणीतरी पांढऱ्या फळ्यावर तो नीट समजावलेला आहे. जखमी सीनियरच्या जागी आलेला पहिल्या वर्षाचा पोरगा बरोबर जागी उभा राहिला, तर त्याच्या कोचचं नाव संघाच्या संकेतस्थळावर शोधून ठेवा आणि पुढचे दोन-तीन हंगाम तो कुठे जातो ते पाहत राहा.